खाटेच्या पायावरचं नाव

मी एका इस्पितळाचा इतिहास लिहिला आणि त्यात एक वाक्य पदरचं घातलं. चूक म्हणाल तर एवढीच. बाकी माझ्या हातून त्यात कुठे आगळीक झाली असेल तर ती सगळी हिंदीतली आहे, आणि हिंदीची जबाबदारी मी निवृत्तीच्या दिवशीच सरकारला परत केली.

आता पुन्हा तो मोसम आला आहे. लखनौबद्दल बोलताना लोक थंडीचं कौतुक करतात, उन्हाळ्याला शिव्या देतात, पण या दोघांच्या मधे एक चोरटा ऋतू असतो त्याचं नाव कोणी घेत नाही. कूलर खिडकीतून उतरलेले नसतात, रजया पेटीतून निघालेल्या नसतात. रामलीलेचे कर्णे संध्याकाळी घसा साफ करू लागतात. अलीगंजच्या आमच्या गल्लीत पहाटे हारसिंगारचा, म्हणजे प्राजक्ताचा, सडा पडतो आणि त्यावरून पहिली स्कूटर जाईपर्यंत जग फार सुंदर असतं. मग सातच्या सुमाराला बकरीवाला येतो.

हा डेंगूचा ऋतू. पपईची झाडं बोडकी होतात, कारण पानांचा रस प्यायल्यानं प्लेटलेट वाढतात असं प्रत्येकाच्या साडूनं प्रत्येकाला सांगितलेलं असतं. नारळपाणीवाला हसायचा बंद होतो आणि नुसते भाव सांगतो. एरवी जिला दगड मारून हाकलतात त्या बकरीला या दिवसांत 'आइए, आइए' म्हणतात. तिच्या दुधानंही प्लेटलेट वाढतात म्हणून दारासमोर धार काढून पेला भरून घेतात, आणि बकरी जाताजाता कुणाची तुळस खाऊन गेली तरी कोणी ब्र काढत नाही. संध्याकाळी नगर निगमची गाडी पांढरा धूर सोडत येते. त्या धुराला कंटाळून गल्लीतले डास आमच्या घरात येऊन बसतात. मी खिडकी लावतो. डास आत, मी आत.

काल बकरीवाला दिसला. गेल्या वर्षीचं सगळं त्याच्या बकऱ्यांमागून चालत आलं.

थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझी निवड किती चुकीची होती ते कळेल. मी मूळचा भंडाऱ्याचा, गजभिये. केंद्र सरकारच्या एका कचेरीत मी जन्मभर इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी केलं. भंडाऱ्याच्या माणसानं लखनौवाल्यांना हिंदी पुरवायचं, यातला विनोद माझ्याशिवाय सगळ्यांना कळायचा. जिथे साधा माणूस 'पंखा बंद करा' म्हणेल तिथे मी 'विद्युत-व्यजन का परिचालन स्थगित किया जाए' असं लिहीत असे आणि घरी येऊन सुनंदाला वाचून दाखवत असे. सुनंदा माझी बायको. ती म्हणायची, "तुमचं वाचून पंखाच घाबरून बंद पडत असन."

निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. मुलगा नोएडात. आम्ही मराठीत विचारतो, तो 'हाँ, ठीक है' म्हणतो. अशा रिकाम्या माणसाकडे मिश्राजी आले. मिश्राजी आमच्या मोहल्ल्यातल्या इस्पितळाच्या ट्रस्टचे मंत्री, म्हणजे चिटणीस. इस्पितळाचं खरं नाव फाटकावर दोन ओळी भरून आहे, पण रिक्षावाल्याला तेवढं सांगायला वेळ नसतो. सगळे त्याला खटियावाला अस्पताल म्हणतात. ना सरकारचं, ना शेठचं. लोकांनी उभं केलेलं आणि नफा न घेता चालवलेलं. त्याचा जयंती समारंभ होता, स्मरणिका काढायची होती.

"आप तो राजभाषा वाले हैं, गजभिये साहब," मिश्राजी म्हणाले. "इतिहास लिख दीजिए। ज़रा ऐसा कि पढ़कर आँख भर आए।"

आता असं कोणी म्हटलं की मला थांबवणं कठीण.

इतिहास मिश्राजींनीच सांगितला. त्यांना तो त्यांच्या वडलांनी सांगितला होता. कॉलनी तेव्हा नवी होती, अर्धी घरं, अर्धी गाजराची शेतं. एका बरसातीत हगवण-उलट्यांची साथ आली. दवाखाना नदीपलीकडे. एका मास्तरांच्या सुनेला खाटेवर घालून नेलं, ती पुलावरच गेली. दुसऱ्या दिवशी लोक एका अर्धवट बांधलेल्या घरात जमले, जिथे छप्पर होतं पण दारं नव्हती. प्रत्येक घरानं एक खाट आणली. एक तरुण डॉक्टरीणबाई रोज सायकलवरून यायला लागल्या. त्या साथीत उभं राहिलं ते पुन्हा बसलं नाही. दारं आली, मजले आले, लोखंडी पलंग आले. पण पहिल्या खाटांवर जी नावं होती ती कोणीतरी भक्तिभावानं नव्या पलंगांवर रंगवून घेतली. त्या पहिल्या खाटांतली एक अजून ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवली आहे. मिश्राजींनी मला ती दाखवली. पायावर पांढऱ्या रंगात एका माणसाचं नाव, अक्षरं वाकडी, रंग ओघळलेला.

ते नाव बघून मला गहिवरून आलं. लिहायला बसलो तर पानं भराभर झाली, पण खाटांचा परिच्छेद शेवटाला फिका पडत होता. 'सबने एक-एक खाट दी।' मग? त्याला टाळीचं वाक्य हवं होतं. मी चहा घेतला, चष्मा पुसला आणि लिहिलं: 'जिस परिवार ने शय्या अर्पित की, उसके लिए वह शय्या पीढ़ी-दर-पीढ़ी सुरक्षित रहेगी, यही संस्थापकों का पावन संकल्प था।'

संस्थापकांचा संकल्प! संस्थापक बिचारे ओ.आर.एस. कालवत होते. संकल्प मी केला होता, लुंगीत बसून.

समारंभात मला शाल मिळाली. मंडपात नातवंडं आपापल्या आजोबांची नावं शोधत होती, सापडलं की फोटो काढत होती. एकाच्या आजोबांचं नाव नव्हतं. ते गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, "दो दी थीं हमारे बाबा ने, दो!" मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू. इतिहासकाराचा हा एक फायदा असतो, त्याला गेलेली माणसं वाढवता येतात.

एक प्रत मी त्या सायकलवाल्या डॉक्टरीणबाईंना द्यायला गेलो. त्या आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत. मोहल्ला त्यांना बड़ी डॉक्टर म्हणतो. खरं तर त्यांच्याकडे मी लिहायच्या आधीच जायला हवं होतं. पण त्या फटकळ म्हणून प्रसिद्ध, आणि माझा परिच्छेद तेव्हा रंगात आला होता. त्यांनी भिंग लावून वाचलं. वाचता वाचता हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या. मी पाणी दिलं.

"आप वहाँ थे?" त्यांनी विचारलं.

"जी नहीं."

"तभी इतना अच्छा लिखा है।"

मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "नाम इसलिए लिखे थे भाई, कि खाट वापस ले जानी थी। बारात में मोहल्ले से खाटें उधार आती हैं कि नहीं? पाये पर नाम लिख देते हैं, अदला-बदली न हो। बस। दान-वान किसी ने नहीं दिया।"

"मग परत का नाही नेल्या?" मी एकदम मराठीतच विचारलं. गडबडलो की माझी हिंदी पळून जाते. त्यांना कळलं.

"जिस पर मरीज़ मर गया, वो खाट कोई घर ले जाता है? और जिस पर कोई नहीं मरा, उस पर भी पता नहीं कौन-कौन लेटा था। महामारी में जात देखकर तो दस्त नहीं होते। एक साहब आए, अपनी खाट पहचानी, पूछने लगे, इस पर कौन था? मैंने बता दिया। फ़ौरन दो क़दम पीछे। बोले, रहने दीजिए डॉक्टर साहब, दान समझिए।" त्या परत हसल्या. "घिन से बना है आपका अस्पताल, गजभिये साहब। मैंने कहा, घिन ही सही, खाट तो मिली।"

मी घरी चालत आलो. चालताना मला माझी स्वतःची एक खाट आठवली.

नोकरीत रुजू झालो तेव्हा मी इथे एका घरात भाड्याची खोली घेतली होती. मालकांनी प्रेमानं एक खाट दिली. पहिल्या रविवारी मी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. पुढे सरकारी क्वार्टर मिळालं, खोली सोडायची वेळ आली, मी खाट अंगणात आणून ठेवली. मालक म्हणाले, "अरे नहीं-नहीं, ले जाइए! हमारी तरफ़ से भेंट।" मी नको नको म्हणत होतो आणि ते हात जोडून आग्रह करत होते. हात जोडून! मी भंडाऱ्याला आईला लिहिलं की लखनौची माणसं काय सांगू, निघताना खाटसुद्धा बांधून देतात. आईनं ते पत्र गल्लीत वाचून घेतलं. आमच्याकडे कितीतरी वर्षं लखनौच्या तहज़ीबचा दाखला म्हणून ती खाट सांगितली जायची. ती तेव्हाही आमच्या गच्चीवर होती. सुनंदा त्यावर कुरडया वाळवायची.

बड़ी डॉक्टरच्या घरापासून माझ्या घरापर्यंत जेवढा रस्ता आहे तेवढ्यात ते मालक, त्यांचे जोडलेले हात, आणि दोन पावलं मागं उभं राहणं, हे सगळं मला नीट दिसलं. कितीतरी वर्षं उशिरा. इतका मंद माणूस इतिहास लिहायला निघाला होता.

सुनंदाला सांगितलं. ती कुरडया उलथत म्हणाली, "मले तर तेव्हाच समजलं होतं. तुम्ही खुश होते म्हणून नाही बोलली."

मी मिश्राजींकडे गेलो. ते वाक्य खोटं आहे, शुद्धिपत्र काढा, म्हटलं. मिश्राजींनी आधी मला बसवलं, मग समोसा दिला, मग म्हणाले, "अब तो छप गया।" आणि शिवाय, ते म्हणाले, त्या वाक्यानं लोक किती पुढं आले आहेत बघा. नवे दाते येतायत, प्रत्येकाला पलंगावर नाव हवंय. ट्रस्टनं ठरावच केला आहे, नाववाल्यांचा पहिला हक्क. "आपकी क़लम ने संस्था को नया जीवन दे दिया। और हाँ, आपका भी एक पलंग रखा है हमने। लेखक-सेवा।"

त्यांनी मला वरच्या वॉर्डात नेलं. खिडकीजवळचा पलंग, डोक्याशी पितळी पट्टी, पट्टीवर माझं नाव. पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट.

शुद्धिपत्राचं नाव मी पुन्हा काढलं नाही. पट्टीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मुलानं अंगठा पाठवला. पुढच्या आठवड्यात काही कारण काढून मी ती पट्टी पुन्हा बघून आलो. पुसून चकचकीत ठेवलेली होती. बरं वाटलं.

आमच्या कोपऱ्यावर कडुलिंबाखाली शांति इस्त्री करते. कोळशाची इस्त्री, टेबलावर जाड सतरंजी, मागे दोरीवर मोहल्ल्याची अब्रू टांगलेली. शांतिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम. माझा कुर्ता देताना म्हणायची, "लीजिए बाबूजी, आपसे ज़्यादा कड़क है।" तिची मुलगी पिंकी बारावीला होती. अभ्यास तिथेच, गठ्ठ्यांवर बसून. स्मरणिका मी शांतिलाही दिली होती. मला वाचक कमी पडतात. पिंकीनं ती पहिल्या पानापासून वाचली, हे मोहल्ल्यात दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही.

"अंकल, शय्या माने?"

"खाट."

"तो खाट लिख देते। मरीज़ को क्या मालूम वो काहे पर लेटा है।" आणि आई-मुलगी दोघी हसल्या. मीही हसलो. त्या कडुलिंबाखाली मला हसलेलं चालायचं.

गेल्या वर्षी तो मोसम जरा जास्तच अंगावर आला. घरटी एक ताप. पिंकी चार-पाच दिवसांत दिसली नव्हती हे मला आता आठवतं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की कुर्ते वेळेवर मिळत नाहीयेत. मग सुनंदाला ताप भरला. डोळ्यांच्या मागं दुखतं म्हणाली, अंगावर लाल पुरळ. मी तिला ई-रिक्षात घालून खटियावाल्यात आणलं. व्हरांड्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, पायऱ्यांवर माणसं, खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या लटकलेल्या.

"पलंग नहीं है, अंकल," नर्स म्हणाली.

आयुष्यात मला तोरा मिरवायची संधी फारशी आलेली नाही. कचेरीत साहेब दुसराच असे, घरात सुनंदा. पण त्या दिवशी मी म्हणालो, "है। मेरा है। नाम लिखा है।"

तिनं नोंदवहीचं पान पाहिलं, फोन केला, मान हलवली. आम्ही ऑफिसात बसलो. चहा आला. चहा संपेपर्यंत पलंग रिकामा झाला होता. कसा रिकामा झाला ते मी विचारलं नाही. रेल्वेचं आरक्षण असलं की कोण उतरलं ते कोण विचारतं?

सुनंदा आडवी झाली आणि म्हणाली, "अहो, गादी गरम आहे."

"खिडकीजवळ आहे ना," मी म्हटलं. "ऊन येतं इकडे." आणि तिला उशाची पट्टी दाखवली.

संध्याकाळी नारळपाणी आणायला बाहेर पडलो. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर पिंकी होती. पाय दुमडून, कारण बाक पुरत नव्हता. बाटली गजाला सुतळीनं बांधलेली. शांति पदरानं डास उडवत होती.

"अरे बाबूजी! आप भी?" शांति म्हणाली. "भाभीजी को भी हो गया? खाट मिली?"

मी मान हलवली.

"चलिए, अच्छा हुआ। हमारी भी थी, खिड़की वाली। दोपहर में किसी बड़े आदमी का मरीज़ आ गया, तो उतार दिया।" मग पिंकीच्या अंगावरची चादर ओढत म्हणाली, "बड़ा आदमी भी क्या करे, उसके यहाँ भी तो बुखार है।"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "नारियल पानी लोगी, पिंकी?" पिंकी म्हणाली, "मलाई वाला।"

वर येऊन सुनंदाला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"उतरवा मले."

"अगं, तुझा ताप..."

"उतरवा म्हणते ना. त्या पोरीच्या अंगची ऊब होती ते, अन् तुम्ही मले ऊन सांगता?"

ती स्वतःच उतरली. बाटली मी हातात धरली आणि आम्ही वरात काढल्यासारखे जिना उतरलो. नर्सला म्हटलं, पलंग रिकामा झालाय, पिंकीला न्या. नर्स वर गेली आणि तशीच परत आली. पलंग भरला होता. आम्ही जिना उतरेपर्यंत एका नाववाल्यांचा नातू त्यावर येऊन बसला होता. ताप होता की नाही देव जाणे, मोबाइल चार्जिंगला लावून मोसंबी सोलत होता.

मिश्राजी ऑफिसातच होते. मी त्यांना म्हटलं की तो पलंग मी पिंकीसाठी सोडला आहे. ते म्हणाले, तुमचा हक्क तुमच्यापुरता. सोडला की तो पुढच्या नावाकडे जातो, क्रमानं. "नियम है, साहब।"

"तो नियम नाहीये. ते वाक्य आहे! मी रचलं ते. घरी बसून!"

त्यांनी टेबलावरची स्मरणिका उघडली. पान त्यांना सापडायला वेळ लागला नाही, तिथे पुस्तक आपोआप उघडत होतं. त्यांनी माझं वाक्य मला वाचून दाखवलं, थांबे घेत, 'पावन संकल्प'वर जरा आवाज चढवत. चांगलं वाचलं. मग म्हणाले, "अब यह आपका नहीं रहा, संस्था का है।"

व्हरांड्यात परत आलो तेव्हा सुनंदा शांतिला सांगत होती. तिची हिंदी अजून भंडाऱ्याची आहे. "हमारे लिए ही उतारा था शांति। हमको मालूम नहीं था। माफ़ करना।" शांतिनं पिंकीचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि बाकावर सुनंदाला जागा करून दिली.

मिश्राजींच्या इस्पितळाची, म्हणजे आमच्या इस्पितळाची, एक पद्धत आहे. ती सगळ्याच इस्पितळांची असेल. डॉक्टरांची फेरी पलंगानुसार होते. पहिला पलंग, दुसरा पलंग, नाडी, दाब, पुढे. ज्याला पलंग नाही त्याला बाटली मिळते, गोळी मिळते, फेरी मिळत नाही. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सकाळी पिंकीचा ताप उतरला होता. कपाळ गार. आम्ही सगळे खूष. मी पळत जाऊन बकरीवाल्याला गाठून पेलाभर दूध आणलं. पिंकीनं वास घेऊन तोंड वाकडं केलं, "अंकल, इससे अच्छा तो बुखार था।" शांति कितीतरी दिवसांनी हसली. सुनंदानं मला डोळ्यांनीच म्हटलं, बरं झालं.

दहाच्या सुमाराला पिंकी म्हणाली, पोटात दुखतं. मग म्हणाली, थंडी वाजते. मग काही म्हणाली नाही. मला दुसरं कोणी सुचलं नाही, मी बड़ी डॉक्टरना फोन लावला आणि म्हटलं, ताप तर उतरलाय.

फोनमधून त्या ओरडल्या. "बुखार उतरने के बाद ही तो देखना होता है! बीपी किसने लिया? कब लिया?"

मी नर्सला विचारलं. नर्सनं हातातल्या तक्त्यावर पलंग नंबर शोधला. नव्हता.

मग सगळे धावले. धावायला त्यांना येतं, हे मी नाकारत नाही. मोसंबीवाल्या नातवालासुद्धा उठवलं, पण तोपर्यंत पलंगाचं काम उरलं नव्हतं. गाडीत घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. शांति गाडीत चढली, मी मागून कुणाच्या तरी स्कूटरवर. नदीचा पूल, पुलावर गर्दी, गर्दीत रामलीलेची मिरवणूक, हत्तीवर कोणीतरी राजपुत्र मुकुट सांभाळत बसलेला. गाडीचा भोंगा वाजत होता आणि लोक त्या राजपुत्राला वाट देत होते.

पिंकी पोचली. परत आली नाही.

सुनंदा बरी झाली. त्याच बाकावर. तिच्या प्लेटलेट आपल्या आपण वर आल्या, बकरी न पिता. घरी आल्यावर तिनं गच्चीवरची ती खाट भंगारवाल्याला देऊन टाकली.

ट्रस्टची शोकसभा झाली. मिश्राजींचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खराच भरला होता. माणसं दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं. सभेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, एक पलंग पिंकीच्या नावानं करू. 'पिंकी स्मृति शय्या'. पट्टी आम्ही लावतो, स्मरणिकेच्या पुढच्या आवृत्तीत एक पान तुम्ही लिहा. ज़रा ऐसा कि आँख भर आए.

मी नाही म्हणालो. ही माझी त्या सगळ्या प्रकरणातली एकमेव बहादुरी. तीही अर्धीच. घरी येऊन मी लिहायला बसलोच. पट्टीसाठी नव्हे, मिश्राजींसाठी नव्हे. मनात म्हटलं, आता खरं लिहू. उधारीच्या खाटा, किळस, माझं वाक्य, बाक, फेरी. वर्षभर लिहीत होतो. लिहिताना काही ठिकाणी, काय सांगू, भाषा फार छान उतरली होती. पिंकीचं हसणं मी असं वर्णिलं होतं की माझेच डोळे भरून आले. तेवढ्यावरून मी सावध व्हायला हवं होतं.

शांति अजून त्या कडुलिंबाखालीच आहे. मधे काही महिने नव्हती, गावी गेली होती. परत आली, इस्त्री पेटवली. माझे कुर्ते घेते, देते. कडकपणावरून काही म्हणत नाही. मागच्या दोरीवर कपडे तसेच, गठ्ठ्यांवर आता कोणी बसत नाही.

काल बकरीवाला गेला आणि मी कागद खिशात घालून तिच्याकडे गेलो. वाचून दाखवायचे होते. मला वाटत होतं की तिला विचारल्याशिवाय छापू नये. एवढं शहाणपण आलंय, हे मला तिलाही दाखवायचं होतं बहुतेक. ती कोणाची तरी शाळेची सफेद सलवार इस्त्री करत होती. मी म्हटलं, शांति, मैंने सब सच लिखा है. अस्पताल का, अपना, पिंकी का. तुम कहो तो छपवा दूँ. लोगों को पता चलना चाहिए.

तिनं इस्त्री उचलून पाण्याचा हात मारला. चर्र झालं. सलवारीची घडी घातली, त्यावर हात फिरवला, गठ्ठ्यावर ठेवली. मग माझा कुर्ता काढून माझ्या हातात दिला.

"पिंकी को रहने दीजिए, बाबूजी," ती म्हणाली. "लिखना ही है तो अपने ऊपर लिखिए। उसमें किसी का कुछ जाता नहीं।"